विल्मर काका म्हणेना

विल्मर काही केल्या विलासरावांना काका म्हणेना, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

हे विलासराव म्हणजे सांगलीच्या 'मधुपर्क वधू-वर सूचक केंद्रा'चे सर्वेसर्वा. माणसाच्या कातडीच्या रंगाला त्यांच्याजवळ जितकी नावं होती तितकी रंगाच्या दुकानदाराजवळही नसतील. गोरा, केतकी, निमगोरा, उजळ गव्हाळ, गव्हाळ, उजळ सावळा, तरतरीत सावळा. 'काळा' हा शब्द मात्र केंद्राचा उंबरा ओलांडून कधी आत आला नव्हता. लोक म्हणत, विलासरावांनी मनात आणलं तर वखारीतल्या कोळशाच्या पोत्यालाही 'नाकीडोळी नीटस' लिहून पुण्याचं स्थळ आणतील. एकदा म्हणे त्यांनी कुपवाडच्या एका मुलाला 'निमगोरा' लिहिलं, तर ते वाचून पोरगा इतका हरखला की अक्षता पडेपर्यंत खरंच उजळला. लग्नानंतर पूर्ववत झाला, पण तोवर केंद्राची जबाबदारी संपली होती.

त्यांची एकुलती मुलगी स्वरांगी. तिच्या माहितीपुढे बापाने स्वतःच्या हाताने 'गव्हाळ' लिहिलं होतं. आता गहू म्हटला तरी तो किती भाजायचा याला काही मर्यादा असते. स्थळं यायची, पोहे खायची, वाचलेल्या मुलीचा आणि समोरच्या मुलीचा ताळा लावून बघायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. रंग तिने बापाचा घेतला होता. बापाला मात्र त्याचा रंग कुणी कधी विचारला नव्हता. शेवटी स्वरांगी डब्लिनला शिकायला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत विलासराव तिच्याकडे निघाले ते खिशात एक स्थळ घेऊनच. मुलगा अंबरीश, आयर्लंडच्याच एका सरकारी इस्पितळात डॉक्टर. आई मृणालिनीबाई, पुण्याच्या. 'मुलगी गव्हाळ हवी' एवढीच अट. महिनाभरात दाखवण्याचा कार्यक्रम उरकायचा, सुपारी फोडायची आणि विमानात बसायचं असा बेत होता. बायको शुभदा सांगलीला राहिली, कारण केंद्र कुणीतरी उघडायला हवं. पण विलासराव पोचतात न पोचतात तोच जगाला रोगाने गाठलं, विमानं जागच्या जागी बसली आणि विलासराव डब्लिनच्या टोकाला, सिटीवेस्टला, स्वरांगीच्या भाड्याच्या घरी अडकले.

सिटीवेस्टचा वारा सांगलीच्या माणसाला नवा. पहिल्याच दिवशी त्यांची माकडटोपी उडाली ती समुद्र ओलांडून थेट वेल्समध्ये पडली असावी, असं ते शुभदाताईंना व्हिडिओवर छातीठोकपणे सांगत. घर नोरीनबाईंचं. या नोरीनबाई सत्तरीच्या, एकट्या, सोनेरी केसांच्या, दुधासारख्या गोऱ्या आणि भलत्या बोलघेवड्या. त्या खाली राहायच्या. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत स्वरांगी, आणि दुसरीत हा विल्मर.

विल्मर कोलंबियाचा, समुद्रकाठच्या बारांकिया गावचा. काम स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचं. गडी उंच, कुरळ्या केसांचा. विलासराव आले त्या दिवशी त्याने आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः खाली नोरीनबाईंच्या सोफ्यावर मुक्काम हलवला. विलासरावांनीही ती खोली अशी घेतली जसं वरपक्षाने जानवसघर घ्यावं, म्हणजे आभार मानायचा प्रश्नच नाही.

पण विलासराव माणूस रीतीचे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहाच्या टेबलावर विल्मरला आपल्या इंग्रजीत सांगितलं, "सर-बिर म्हणू नकोस. इन अवर प्लेस, फादर ऑफ फ्रेंड इज काका. कॉल मी काका."

विल्मरच्या हातातला चमचा थांबला. त्याने विलासरावांकडे पाहिलं, मग स्वरांगीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"नो, सर," तो म्हणाला. "आय कान्ट. प्लीज."

"व्हाय कान्ट? इझी वर्ड. का, का."

पोरगा चहा तसाच टाकून उठला आणि भांडी घासायला लागला. भांडी आधीच घासलेली होती. स्वरांगी रुमालात तोंड घालून खोकत होती. तो खोकला नव्हता, पण हे विलासरावांना कळायला मे महिना उजाडला.

"माज आहे," त्यांनी शुभदाताईंना फोनवर सांगितलं. "दोन अक्षरी शब्द. आपली शेजारची पोरं बोबडी असल्यापासून म्हणतात. या घोड्याला जमत नाही."

"तुम्ही त्याच्या खोलीत झोपताय ना?" शुभदाताई म्हणाल्या.

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. विचारलं आपलं."

दिवस जाऊ लागले. घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर पडायचं नाही असा सरकारी हुकूम होता, म्हणून विलासराव त्याच त्या रस्त्यांवरून इतके फिरले की तिथली कुत्री त्यांना पाहून भुंकायची सोडून जांभया देऊ लागली. एक दिवस ते परतले तेव्हा नोरीनबाई ओट्यापाशी उभ्या राहून बटाटे सोलत होत्या.

"युअर मॅन," त्या सोफ्याकडे मान करून म्हणाल्या, "इज मॅड अबाउट हर. गॉड लव्ह हिम."

विलासराव चपापले. 'युअर मॅन' म्हणजे तुमचा माणूस. आपला कुठला माणूस?

"मॅडम, आय हॅव नो मॅन," ते ठासून म्हणाले. "ओन्ली वाईफ. इन सांगली."

नोरीनबाईंना इतकं हसू आलं की बटाटा घरंगळत दारापर्यंत गेला. मग त्यांनी उलगडून सांगितलं. युअर मॅन म्हणजे आपला 'तो अमुक', समोरचा कोणीही. आणि इथला तो अमुक म्हणजे विल्मर. त्याचं स्वरांगीवर मन बसलंय, वर्षभर बसलंय, आणि तिचंही काही उभं नाही. "आय थॉट यू न्यू! अँड यू स्लीपिंग इन द लॅड्स बेड!"

विलासराव खुर्चीवर बसले. तीस वर्षांत लोकांच्या मुलींची कुठे काय कुणकुण आहे हे ते त्यांच्या चालीवरून ओळखत आले होते, आणि इथे ते खुद्द नवरदेवाच्या पलंगावर झोपून नवरदेव शोधत होते.

पण माणूस मुरलेला. आरडाओरडा न करता त्यांनी ठरवलं, आधी मुलाची चौकशी करायची. मुलगा आपल्या माणसांशी काय भाषेत बोलतो यावरून त्याचं घराणं कळतं, हा केंद्राचा जुना नियम. त्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता, पण फोनवर भाषांतराचं ॲप होतं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी फोन टेबलाखाली मांडीवर चालू ठेवला आणि वर चेहरा असा केला जसं टोस्टशिवाय जगात दुसरं काही नाही.

विल्मर जिन्याकडे तोंड करून ओरडला, "नेग्रा! बाहा, मामी, से एन्फ्रीया!"

मामी! विलासरावांच्या घशात टोस्ट अडकला. हा हिला मामी म्हणतो? म्हणजे हा हिचा भाचा लागतो की काय? पण मामीचं नवल करत बसायला वेळच नव्हता, कारण ॲपने 'नेग्रा'चा अर्थ दाखवला होता.

काळी.

तेवढ्यात नोरीनबाई आत आल्या. विल्मरने हात पसरले. "मोना! ब्वेनोस दीआस, मोना लिंदा!"

विलासरावांनी खाली पाहिलं. ॲप म्हणालं, माकडीण. सुंदर माकडीण.

ते सावरतात न सावरतात तोच विल्मर बशीत मक्याची गरम जाड भाकरी वाढून त्यांच्याकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "पारा उस्तेद, पापी."

इथे ॲपची गरजच नव्हती. हे तर शुद्ध मराठी होतं.

म्हणजे पोरगा ज्या घरात राहतो त्या घराच्या मालकिणीला माकडीण म्हणतो, जिच्याशी लग्न करायचं तिला काळी म्हणतो आणि होणाऱ्या सासऱ्याला पापी म्हणतो; पण काका म्हणायला याची जीभ वळत नाही! विलासरावांच्या कपाळाची शीर उडायला लागली. भाकरी मात्र त्यांनी खाल्ली. अरेपा म्हणतात तिला. दोन महिने पावावर काढलेल्या सांगलीच्या माणसासमोर तव्यावरून उतरलेली भाकरी आली तर तो वैऱ्याच्या हातचीही खातो. शिवाय वर लोणी होतं.

न्याहारी उरकल्यावर त्यांनी नोरीनबाईंना बाजूला घेतलं. एका स्त्रीचा अपमान उघड्या डोळ्यांनी बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मॅडम, आय ॲम सॉरी टू टेल. ही इज कॉलिंग यू मंकी."

"इज ही?" नोरीनबाईंनी जरा विचार केला. "माझा नवरा मला तीस वर्षं काय म्हणायचा ते ऐकलं असतंत तर! मंकी इज ग्रँड."

या देशात सगळंच ग्रँड असतं हे विलासरावांना एव्हाना माहीत झालं होतं. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, गुडघेदुखीही ग्रँड. त्यांनी नाद सोडला आणि मोर्चा मुलीकडे वळवला.

स्वरांगीला त्यांनी फिरायला नेलं. ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे हिरवळ होती, तिथे. सगळं ऐकून स्वरांगी आधी हसली. बाकावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो बाबा, त्यांच्याकडे गोऱ्या, सोनेरी केसांच्या बाईला मोना म्हणतात. कोलंबियात. दुसऱ्या गावी माकडीण, तिसऱ्या गावी गोडुली. ॲपला काय कळतंय!"

"आणि मामी? बायकोला कुणी मामी म्हणतं?"

"मामी म्हणजे आई. लाडाने."

"बायकोला आई म्हणतात? हे तर त्याहून वाईट!"

"तुम्ही मला लहानपणी 'ये गं माझे आई' म्हणायचात ना? तेव्हा मी काय आजी होते? तसंच पापी म्हणजे बाबा. तो तुम्हाला मानाने म्हणतो. त्याच्या वडिलांना पण तो तेच म्हणतो."

विलासराव जरा ढिले पडले. पण मुख्य काटा अजून तसाच होता.

"आणि तो दुसरा शब्द? त्याच्या किती गावी किती अर्थ आहेत ते नको सांगूस. काळी म्हणजे काळी."

स्वरांगीचं हसू थांबलं. "हो. काळीच. त्याची आई त्याच्या बहिणीला तेच म्हणते. त्याची आजी आजोबांना म्हणायची. त्यात लाड आहे. हाच शब्द दुसऱ्या कुणी दुसऱ्या सुरात म्हटला तर मी त्याचं थोबाड रंगवीन, आणि विल्मर माझी पर्स धरून उभा राहील. पण तो म्हणतो तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणतो."

"आम्ही काय भिंतीकडे बघून म्हणायचो?"

"तुम्ही म्हणालातच नाही ना, बाबा." ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही गव्हाळ लिहिलंत. येणारा प्रत्येकजण गव्हाळ मुलगी बघायला यायचा, आणि दार उघडून मीच बाहेर यायचे. मला वाटायचं, ती गव्हाळ मुलगी कुठेतरी आत बसलीय आणि मी तिची कामवाली आहे."

वारा जोरात होता. विलासरावांनी टोपी सारखी केली. नवी होती, आयरिश लोकरीची.

"त्या मृणालिनीबाईंना मी शब्द दिलाय," ते शेवटी म्हणाले. "एकदा स्क्रीनवर बस. एवढंच."

"बसते." ती उठून उभी राहिली. "पण एक अट. त्यांनी रंग विचारला तर उत्तर मी देणार नाही. तुम्ही द्यायचं. आणि माझ्याकडे बघून द्यायचं. तुम्ही गव्हाळ म्हणालात तर मी गव्हाळ. त्या डॉक्टरशी लग्न करते, पुढे तुम्ही म्हणाल तसं. नाही म्हणालात तर विल्मरला आडकाठी करायची नाही."

"हे काय भलतंच!"

"सगळ्यांच्या मुलींचं तुम्ही सांगता ना? मग हिचं पण सांगा एकदा."

विलासरावांनी ते कबूल केलं. त्यांना वाटलं, त्यात काय? एक शब्द तर उच्चारायचा. तीस वर्षं उच्चारतोच आहोत.

दाखवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी ठरला. विलासराव पहाटेपासून कामाला लागले. उजेडाची कला त्यांना चांगली अवगत होती. सांगलीला केंद्राच्या फोटोवाल्याला त्यांनीच ती शिकवली होती. नोरीनबाईंच्या घरातले सगळे टेबललॅम्प त्यांनी बैठकीच्या खोलीत गोळा केले. सोफ्यामागे पांढरीशुभ्र चादर टांगली. एक दिवा डावीकडून, एक उजवीकडून, एक खालून. वरून एक हवा होता, पण तिथे धरायला कुणीतरी पाहिजे.

सोफ्यावरून नुकताच उठलेला विल्मर डोळे चोळत उभा होता. "आय कॅन होल्ड, सर," तो म्हणाला.

आपल्या प्रेयसीला दुसऱ्याला दाखवायचा कार्यक्रम, आणि हा खुर्चीवर चढून दिवा धरतोय! विलासराव इतके ओशाळले की त्यांना काहीतरी बोलणं भाग पडलं. त्यांनी महिनोन् महिने मनात अडकलेला प्रश्न विचारला.

"एक सांग. मला पापी म्हणतोस, चालेल. पण काका का म्हणत नाहीस? काय वाईट आहे त्या शब्दात?"

विल्मर पुन्हा कानापर्यंत लाल झाला. खुर्चीवरून खाली उतरला. आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली केला. "सर... आमच्या भाषेत काका म्हणजे... लहान मूल लंगोटात जे करतं ते."

विलासरावांनी खात्री करून घेतली.

"शी?"

"सी, सर. शी."

पुढचं वर्णन करायला शब्द तोकडे पडतील. विलासराव आधी गुडघ्यावर बसले, मग सोफ्यावर आडवे झाले, आणि शेवटी त्या टांगलेल्या चादरीला धरून उभे राहायला गेले तर चादरच खाली आली. त्यांच्या डोळ्यांपुढे सांगलीतले सगळे काका आले. सोसायटीचे काका, रिक्षावाले काका, केंद्रात सकाळी हात जोडून येणारे 'नमस्कार काका' म्हणणारे जावई. स्वतःला शी म्हणायला लावून हा पोरगा उर्मट आहे असं आपण घरोघरी फोनवर सांगत बसलो होतो! नोरीनबाई घाबरून पाणी घेऊन आल्या. वर स्वरांगीच्या खोलीतून विचारणा झाली. विलासराव म्हणाले, "काही नाही गं, तू तयारी कर," आणि पुन्हा हसू लागले.

हसणं ओसरल्यावर दोघांनी मिळून चादर परत टांगली. हसल्यावर माणसं जरा जवळ येतात. विलासरावांमधला केंद्रचालक जागा झाला.

"तुमच्याकडे लग्न जुळवताना मुलीचा रंग कसा सांगतात?"

"लग्नात? कुणी नाही सांगत. सगळ्यांना दिसतोच." विल्मर दिवा पुसत होता. "पण एक शब्द आहे आमच्यात. त्रिगेन्या. त्रिगो म्हणजे गहू. गव्हासारखी."

विलासराव ताठ झाले. सात समुद्र ओलांडून, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या त्या बारांकियात कुणीतरी आपलाच शब्द वापरतं! केंद्राची शाखाच जणू. त्यांना आपला धंदा एकदम जागतिक झाल्यासारखा वाटला.

"गव्हाळ! तुमच्यातही गव्हाळ! कोण वापरतं हा शब्द? कुठे वापरतात?"

"पोलीस," विल्मर म्हणाला.

"पोलीस?"

"कुणी हरवलं की. पेपरात येतं ना, उंची इतकी, केस कुरळे, त्रिगेन्या. हरवलेल्या माणसाला त्रिगेन्या म्हणतात. कारण ते त्याला ओळखत नसतात." त्याने दिवा लावून बघितला. "घरी आली की ती परत नेग्रा."

तेवढ्यात लॅपटॉपने ठणठण घंटा वाजवली. पुण्याची मंडळी आली होती.

पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत मृणालिनीबाई, पैठणी नेसून, खिडकीपुढे. दुसरीत त्यांचे यजमान हेमचंद्रराव, शेजारच्या खोलीतून वेगळ्या फोनवर. त्यांचं तोंड हलत होतं, पण आवाज बंद होता आणि तो चालू कसा करायचा हे त्यांना कार्यक्रम संपेपर्यंत सापडलं नाही. तिसरीत अंबरीश. बिचारा रात्रपाळी संपवून आलेला, मास्क हनुवटीवर, डोळे मिटलेले. झोपला होता की ध्यान लावून बसला होता हे कळायला मार्ग नव्हता.

स्वरांगी येऊन सोफ्यावर बसली. जांभळा कुर्ता, केस मोकळे, डोळ्यांवर चष्मा. विल्मर खुर्चीवर चढला आणि त्याने वरचा दिवा धरला.

"नमस्कार, काकू," स्वरांगी म्हणाली.

"नमस्कार," मृणालिनीबाई पडद्याच्या जवळ आल्या. डोळे बारीक केले. मग अजून जवळ आल्या, इतक्या की नाक तेवढं दिसू लागलं. "विलासराव, मुलगी दिसतच नाहीये हो. नुसता उजेड दिसतोय. चष्मा आणि दात दिसताहेत."

"जरा प्रकाश जास्त झाला असेल," विलासराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"माहितीत गव्हाळ म्हटलंय तुम्ही. ते... आहे ना तसंच? म्हणजे आमचा काही आग्रह नाही. पण आपण आधी बोललेलं बरं असतं, नाही का? तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मी काय सांगणार!"

झालं. प्रश्न आला होता. विलासरावांनी सवयीने तोंड उघडलं. गव्हाळच आहे हो, थोडी उन्हात गेलीय, तिकडचा कॅमेरा, अशी सगळी वाक्यं जिभेवर पेन्शनरांसारखी रांगेत उभी होती. आणि अटीप्रमाणे त्यांनी मुलीकडे बघितलं.

खरंच, ती दिसत नव्हती. त्यांनी लावलेल्या दिव्यांत कुणीतरी पांढरंफटक बसलं होतं, नाक नाही, गाल नाही, हनुवटीवरची लहानपणची खोक नाही. पेपरात द्यावा तसला फोटो. उंची इतकी, केस कुरळे, गव्हाळ. सापडल्यास कळवावे.

विलासराव उठले. त्यांनी डावीकडचा दिवा बंद केला. मग उजवीकडचा. मग वाकून खालचा. वर बघून विल्मरला म्हणाले, "ऑफ. ऑफ इट." विल्मरने बटण दाबलं.

खिडकीतून डब्लिनची साधी सकाळ आत आली, आणि सोफ्यावर स्वरांगी दिसू लागली. बापाच्या रंगाची, हनुवटीवर खोक असलेली, ओठ घट्ट मिटून बसलेली.

"नाही हो, मृणालिनीबाई," विलासराव तिच्याकडे बघत म्हणाले, आणि आवाज नको तितका मोठा लागला. "गव्हाळ कसली! हरवलीय का ती? घरीच आहे की माझी पोरगी. काळी आहे. चांगली लख्ख काळी. माझ्यावर गेलीय."

हेमचंद्ररावांचं तोंड जोरजोरात हलू लागलं. अंबरीशने एक डोळा उघडला.

"अच्छा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "बरं. मग आम्ही कळवतो हं."

"अजिबात कळवू नका," विलासराव म्हणाले. "कळवायचं आम्ही. आम्ही कळवतो. म्हणजे आत्ताच कळवतो. आमचा नकार आहे."

वधूपक्षाने 'कळवतो' म्हटल्याची मधुपर्क केंद्राच्या इतिहासातली ती पहिली वेळ. मृणालिनीबाईंचा हात कुठल्यातरी भलत्याच बटणावर पडला असावा, कारण त्या गेल्या आणि तेवढ्यात हेमचंद्ररावांचा आवाज अवचित फुटला, "...केव्हाचा सांगतोय, मुलगी छान आहे, मुलगी छा..." आणि तेही गेले. उरला अंबरीश. त्याने जांभई दिली, स्वरांगीला म्हणाला, "थँक यू. मलाही इथली एकजण आवडते, पण आईला सांगायला रंगच सापडत नव्हता," आणि तोही गेला.

स्वरांगी उठली नाही. विलासराव तिच्याजवळ बसले. ती रडते की काय या भीतीने विलासरावांना आधीच रडू येऊ लागलं. दारातून नोरीनबाईंनी डोकावून विचारलं, "वेल? हाउ वॉज इट?"

"ग्रँड," विलासराव नाक ओढत म्हणाले.

विल्मर अजून खुर्चीवरच उभा होता, विझलेला दिवा हातात घेऊन. त्याला मराठी कळलं नव्हतं. त्याने भीतभीत विचारलं, "के पासो, नेग्रा?"

"उतर खाली," स्वरांगी त्याला म्हणाली. इंग्रजी विसरून मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते कळलं.

आता एकच प्रश्न उरला. जावई सासऱ्याला म्हणणार काय? काका तर बाद. त्या दुपारी अरेपा खाताना विलासरावांनी सुचवलं, "मामा म्हण. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात."

विल्मरने काटा खाली ठेवला. स्वरांगीने कपाळाला हात लावला. "बाबा, त्यांच्यात मामा म्हणजे आई."

विलासरावांनी विचार केला. एकीकडे शी, दुसरीकडे आई. लोणी लावता लावता त्यांनी निकाल दिला. "पापी तर पापी. नाहीतरी इतकी लग्नं लावलीत म्हणजे थोडंफार पाप झालंच असणार."

विमानं पुन्हा उडू लागल्यावर विलासराव सांगलीला परतले. दुसऱ्या वर्षी डब्लिनच्या रजिस्ट्रारसमोर मोजक्या माणसांत लग्न झालं. नोरीनबाई करवली म्हणून उभ्या राहिल्या, आणि सांगली व बारांकिया ही दोन्ही गावं एकाच पडद्यावरून एकमेकांना न समजणाऱ्या भाषांत आशीर्वाद देत होती. आता केंद्रात भर गर्दीच्या वेळी फोन वाजतो आणि स्पीकरवरून खणखणीत आवाज येतो, "ओला, पापी!" समोर बसलेली मंडळी दचकतात. विलासराव मान वर करून म्हणतात, "आमचे जावई. फार मान देतात."

परवाच विश्रामबागेतून कुणी वसुधाबाई आल्या होत्या, मुलीचं नाव नोंदवायला. उंची सांगितली, शिक्षण सांगितलं. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि काका, रंग... गव्हाळ लिहा हं."

विलासरावांनी पेन टेबलावर ठेवलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे काळजीने बघितलं.

"का हो? हरवलीय का मुलगी?"